कोल्हापूर शो : साउंड, स्टेज आणि हलगीच्या नोंदी

३ डिसेंबर २०२४, मंगळवार – जागा

बँडमधल्या पाचही जणांची घरं कोल्हापूर-इचलकरंजीत, बस्तान मात्र मुंबई, पुणे आणि बंगळुरूत. गाणी स्वतःची, खर्चही स्वतःचा, पाठीशी कुठली कंपनी नाही. केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्टच्या आगीनंतर बंद आहे आणि पुनर्बांधणीला वेळ लागणार. म्हणून शो उघड्यावर.

रिंग रोडलगतचं लग्नाचं लॉन ठरलं. लांबी ८० मीटर, रुंदी ४५. तारीख शनिवार, १८ जानेवारी. पौष असल्यामुळे लॉन रिकामं होतं आणि भाडंही घासाघीस करून खाली आणता आलं. माघ लागला की हेच लॉन विचारूसुद्धा देत नाहीत. २५ तारखेचा शनिवारही सुचवला होता. पण दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन, सगळं पोलीस ठाणं बंदोबस्तात, तेव्हा तो बाद.

पूर्वेला रस्ता आणि त्यापलीकडे वसाहत. पश्चिमेला कुंपण, त्याला लागून उभा ऊस, उसाच्या पलीकडे साधारण अडीचशे मीटरवर शेतातली चार-पाच घरं. स्टेज पूर्वेच्या टोकाला घेतलं, तोंड उसाकडे. यात एक अडचण आहे: साउंडचेकच्या वेळी मावळता सूर्य थेट वाजवणाऱ्यांच्या डोळ्यांत येणार, पेडलवरचे दिवे आणि ट्यूनर दिसणार नाहीत. चालेल. वसाहतीकडे तोंड करून भोंगे लावण्यापेक्षा बरं.

८ डिसेंबर, रविवार – आवाजाचं गणित

या शोचं खरं काम इथेच आहे, बाकीचं त्यामागून येतं.

ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, पण ते दिवस सणावारांत संपतात. आपण सूट धरायचीच नाही. शेवटचं गाणं ९.४० ला संपलं पाहिजे.

पातळीचा नियम असा: सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यातलं जे कमी असेल ते. लॉन व्यापारी भागात येतं, तिथे दिवसाची मर्यादा ६५, म्हणून हद्दीवर ७५. निवासी भाग असता तर ५५ अधिक १० म्हणजे ६५ झाले असते आणि ड्रम-किट घेऊन उघड्यावर यायचा विचारच सोडावा लागला असता.

आता उलटं मोजू. मिक्सर स्टेजपासून २२ मीटरवर, पश्चिमेचं कुंपण ६८ मीटरवर. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो. २२ वरून ६८ वर जाताना साधारण १० पडतात. म्हणजे कुंपणावर ७५ हवे असतील तर मिक्सरपाशी ८५ च. रॉक बँडसाठी हे फारच कमी, पुढच्या रांगेत लोक बोललेलं ऐकू येईल. मार्ग एकच: मुख्य अ‍ॅरेचा रोख ३५ मीटरच्या पुढे जाऊच द्यायचा नाही, टांगलेल्या स्पीकरांच्या रांगेतला सगळ्यात वरचा बॉक्ससुद्धा खाली वाकवायचा आणि मागच्या लोकांसाठी ३६ मीटरवर दोन लहान डिले (आवाज किंचित उशिरा देणारे जास्तीचे स्पीकर) लावायचे. यातून आणखी ५-६ डेसिबल सुटतात. मिक्सरपाशी १५ मिनिटांची सरासरी ९१ डेसिबल (ए, म्हणजे कानाच्या संवेदनेप्रमाणे केलेली मोजणी), ही कमाल मर्यादा म्हणून लिहून ठेवली. बँडलाही ती आजच कळवली, कारण यावरून स्टेजवर काय आणायचं ते ठरतं.

९१ मध्ये शो भरलेला वाटायचा असेल तर स्टेज गप्प पाहिजे. गिटारचे अ‍ॅम्प नकोत, मॉडेलरमधून (त्यांचा आवाज बनवणाऱ्या पेटीतून) थेट लाइन. बेस गिटार आणि कीबोर्ड डीआयवर (वाद्य थेट मिक्सरला जोडणारी पेटी). मॉनिटरऐवजी सगळ्यांना इन-इअर (कानात घालायचे इअरफोन). ड्रमला पातळ क्रॅश झांज आणि हलक्या ७ए काड्या. स्टेजवरचा आवाज जेवढा कमी, तेवढी मिक्समधली जागा आपल्या हातात.

आणि मग यादीत शेवटची ओळ: दोन गाण्यांसाठी हलगी, घुमकं (तिच्या साथीचं खर्जातलं चर्मवाद्य) आणि कैताळ (झांजा). गप्प स्टेजचं सगळं गणित या एका ओळीने मोडतं. हलगीला माइक न लावताही ती सगळ्यांवर बसते.

१४ डिसेंबर, शनिवार – साउंडवाल्याच्या गोदामात

सिस्टिम इथलीच घ्यायची, पुण्याहून ट्रक आणायचा नाही. मुंबईच्या फेस्टिव्हलचा रायडर (बँडच्या मागण्यांची यादी) गावावर लादून उपयोग नसतो; जे आहे त्यावर तो बसवावा लागतो. इथले डॉल्बीवाले मिरवणुकीसाठी सिस्टिम लावतात, ऑर्केस्ट्रासाठीही लावतात, आणि उघड्यावर आवाज कसा पसरतो हे त्यांना कागद न बघता कळतं.

आहे ते असं: एका बाजूला सहा बॉक्सचा लाइन अ‍ॅरे, दोन १८ इंचीचे आठ बेस, १२ इंचीचे चार टॉप. डिलेला दोन टॉप, पुढच्या रांगेसाठी फ्रंट-फिलला दोन. प्रोसेसरमध्ये मिरवणुकीचं सेटिंग होतं: बेस खूप वर आणि ५० हर्ट्झच्या आसपास मोठा उंचवटा. त्याची प्रत पेन ड्राइव्हवर काढून ठेवली आणि नवीन फाइल सपाट सुरू केली. त्यांचं सेटिंग पुसायचं नाही, पुढच्या आठवड्यात त्यांना तेच लागणार आहे.

आठही बेस एकेक करून तपासले. ९ व्होल्टची बॅटरी स्पीकॉन जोडाच्या १+ आणि १- ला क्षणभर टेकवायची. अधिक टोक १+ ला असताना कोन (स्पीकरचा पडदा) बाहेर आला पाहिजे. एका बेसमधला एक ड्रायव्हर आत गेला. तो नुकताच रिकोन करून (कोन बदलून) आला होता आणि जोडताना तारा उलट लागल्या होत्या. एकाच डब्यात एक कोन बाहेर आणि एक आत असेल तर दोघं मिळून जवळजवळ शून्य आवाज देतात, आणि मग ‘बेस कमी वाटतोय’ म्हणून अ‍ॅम्प वाढवत राहायचं. तार सरळ केली. आठांपैकी सहाच नेणार, कारण १७ जानेवारीच्या नोंदीत येईल.

त्यांचे जुने कॉर्डलेस माइक ७०० मेगाहर्ट्झच्या पुढे चालतात. त्या पट्ट्यात आता ५जी आलं आहे. गोदामात ठीक चालतील, हजार मोबाइलांच्या गर्दीत भरवसा नाही. ते निवेदनालासुद्धा घ्यायचे नाहीत. वायरचा माइक.

२२ डिसेंबर, रविवार – इनपुट आणि इन-इअर

मिक्सर एक्स३२, स्टेजवर ३२ इनपुटची पेटी. चॅनल असे लावले: १ ते ७ ड्रम (किक, स्नेअर, हाय-हॅट, दोन टॉम, दोन ओव्हरहेड), ८ बेस, ९-१० इलेक्ट्रिक गिटार, ११ अ‍ॅकॉस्टिक, १२-१३ कीबोर्ड, १४-१५ लॅपटॉपमधले ट्रॅक, १६ क्लिक (लय सांगणारी टिकटिक), १७ ते २० गळे, २१-२२ हलग्या, २३ घुमकं, २४-२५ प्रेक्षकांचे माइक, २६ टॉकबॅक (वाजवणाऱ्यांच्या कानात बोलायचा माइक), २७-२८ रेकॉर्डिंगसाठी मिक्सरपाशी दोन माइक. कैताळाला माइक नाही. तो प्रत्येक उघड्या माइकमध्ये आपोआप येतोच.

बसांची मोजणी तंग आहे. मिक्सरला १६ बस (आवाज वेगवेगळा बाहेर पाठवायच्या वाटा). पाच जणांचे स्टिरिओ इन-इअर म्हणजे १० गेले. हलगीवाल्यांना दोन वेज (जमिनीवरचे मॉनिटर स्पीकर) म्हणजे १२. उरलेल्या ४ वर इफेक्ट: गळ्याला रिव्हर्ब, गळ्याला डिले, स्नेअरला रिव्हर्ब, अ‍ॅकॉस्टिकला छोटी खोली. सबसाठी (बेसच्या डब्यांसाठी) वेगळा बस उरत नाही, म्हणून सब मोनो बसवर. त्याचा फायदाही होतो: सबमध्ये फक्त किक, बेस, सिंथ आणि घुमकं जातात, गळ्याच्या माइकातली धडधड जात नाही.

प्रेक्षकांच्या माइकांवर थोडं जास्त लिहितो, कारण गावच्या शोमध्ये लोक यालाच कात्री लावतात. कान बंद करून वाजवणाऱ्याला समोरचं काही ऐकू येत नाही. परक्या शहरात त्याचं फार बिघडत नाही. इथे पुढच्या रांगेत शाळेतले मित्र, गल्लीतली पोरं, काकू-मावश्या असणार, नाव घेऊन हाका मारणार, आणि गायक मख्ख उभा राहिला तर ‘मुंबईला जाऊन शिष्ट झाला’ हे शिक्कामोर्तब. किंवा तो एका कानातलं काढून ठेवणार, आणि उरलेल्या कानात आवाज वाढवून मागणार, जे कानाला सगळ्यात वाईट. म्हणून स्टेजच्या दोन टोकांना दोन कंडेन्सर, तोंड लोकांकडे, २०० हर्ट्झच्या खाली कापलेले, फक्त इन-इअरमध्ये. गाणं चालू असताना १० डेसिबल खाली, गाणं संपलं की वर. हे काम मॉनिटरच्या माणसाने हाताने करायचं, गेटवर (माइक आपोआप उघड-बंद करणाऱ्या यंत्रणेवर) सोडायचं नाही.

२९ डिसेंबर, रविवार – हलगीची चाचणी

तालमीच्या खोलीत हलगी, घुमकं, कैताळ आणि ड्रम एकत्र.

आधी स्टँडवर एसएम५७ माइक लावून पाहिला. वाजवणारे एका जागी उभे राहत नाहीत. लय चढली की दोन पावलं पुढे, गिरकी, समोरच्याच्या डोळ्यांत बघत दोन पावलं मागे. माइकपासून एक वीत इकडेतिकडे झालं की पातळी पडते. हलगी जिथे कुस्तीच्या मैदानात आणि वरातीत वाजते, तिथे तिला हलायची सवय आहे. तिला स्टँडसमोर खिळवून ठेवलं तर वाजवणंच बदलतं. म्हणून कड्याच्या आतल्या बाजूला छोटा क्लिप-माइक आणि कमरेला बॉडीपॅक (माइकचा ट्रान्समीटर). मागच्या उघड्या बाजूने घेतलेला आवाज समोरून घेतलेल्यापेक्षा भरीव असतो, काडीची चटचट कमी येते.

पहिल्याच गाण्यात आवाज फाटला आणि मिक्सरवर मीटर मात्र हिरवा. फाटत होता तो पॅकमध्ये. पॅकची संवेदनशीलता कारखान्यातून बोलणाऱ्या माणसासाठी ठेवलेली असते. हलगीला ती २० डेसिबल खाली आणावी लागते आणि मग मिक्सरवर गेन वाढवायचा. मिक्सरचा गेन कितीही कमी केला तरी पॅकमध्ये फाटलेलं शिवता येत नाही.

इक्यू (आवाजाच्या पट्ट्या कमी-जास्त करणं): १२० हर्ट्झच्या खाली कापलं, २२० ला ३ डेसिबल भर, ३ किलोहर्ट्झला ४ डेसिबल खाली. कॉम्प्रेसरचा अटॅक २५ मिलिसेकंद, म्हणजे काडीचा पहिला फटका मोकळा जातो आणि मागचा कडकडाट दबतो.

क्लिकचा प्रश्न वेगळा. सहाव्या गाण्यात लॅपटॉपचे ट्रॅक मिनिटाला ११८ ठोक्यांच्या लयीत बांधलेले आहेत. हलगीवाल्यांच्या कानात क्लिक दिला की ते क्लिकबरोबर वाजवतात, आणि वाजवणं मरतं. हलगीची लय चढती असते, तो तिचा दोष नव्हे. उपाय ठरला तो असा: पहिल्या दोन कडव्यांत हलगी नाही, ट्रॅक आणि क्लिक चालू. दुसऱ्या कडव्यानंतर चार मात्रांचा थांबा, तिथे ट्रॅक संपतात, ड्रमर क्लिक बंद करतो. पुढचा सगळा भाग मोकळा, लय हलगीच्या हातात, ड्रमर तिच्या मागे. कीबोर्डवर फक्त लांब सूर ठेवायचे, आर्पेजिएटर (आपोआप ठरावीक लयीत सूर वाजवणारी सोय) नाही, कारण तो जुन्याच ११८ वर अडून बसतो. एलईडी पडद्यावरची चित्रंही थांब्यानंतर वेळेला बांधलेली नकोत. वेजमध्ये हलगीवाल्यांना फक्त किक, स्नेअर आणि गायकाचा गळा. एवढं पुरतं.

खोलीत हलगीपासून एका मीटरवर १०४ डेसिबल (ए). ९१ च्या हिशेबात या दोन गाण्यांत बँडलाच खाली घ्यायचं, हलगीला नाही.

५ जानेवारी २०२५, रविवार – कागद आणि तिकिटं

पोलीस ठाण्यात कार्यक्रमाचा आणि ध्वनिक्षेपकाचा अर्ज, अग्निशमन दलाचं ना-हरकत, जनरेटर आणि तात्पुरत्या वायरिंगसाठी विद्युत निरीक्षक, मंडपाच्या स्थैर्याचा अभियंत्याचा दाखला. आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांच्या संस्थेचा) परवाना स्वतःच्या गाण्यांनाही लागतो, कारण सभासद झाल्यावर सादरीकरणाचे हक्क संस्थेकडे जातात. शोनंतर गाण्यांची यादी नीट भरून दिली तर वाटा परत येतो. बरेच बँड परवान्याचे पैसे भरतात आणि यादी द्यायची विसरतात.

तिकीट ४९९. मैफलीच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, त्याच्या वर १८ टक्के. ५४९ ठेवलं असतं तर हातात ४६५ च आले असते.

पाहुण्यांचा विषय आत्ताच मिटवला. पाच घरं, हलगीवाल्यांची घरं, शिक्षक, शेजारी. ज्येष्ठांसाठी १२० खुर्च्या. त्या पुढे मांडायच्या नाहीत: पुढे बसलेल्या माणसांसमोर उभी गर्दी सरकतेच, आणि बेसच्या तोंडाशी साठीच्या माणसाला बसवणं बरं नव्हे. खुर्च्या मिक्सरच्या उजवीकडे, एक फूट उंच प्लॅटफॉर्मवर, बाहेर पडायच्या वाटेला लागून.

११ जानेवारी, शनिवार – प्रवास आणि सामान

मुंबईचे दोघे महालक्ष्मी एक्स्प्रेसने, बंगळुरूचे राणी चेन्नम्माने मिरजेपर्यंत आणि पुढे गाडीने, पुण्याचा एक जण स्वतःच्या गाडीने. महामार्गाच्या सहापदरीकरणाची कामं चालू आहेत, तेव्हा त्याने सगळ्यांपेक्षा आधी निघायचं. सगळे १५ तारखेपर्यंत हजर.

बरोबर आणायचं ते एवढंच: गिटारी, मॉडेलर, कीबोर्ड, इन-इअर, झांजा, स्नेअर, किकचं पेडल. ड्रमची शेल इथे भाड्याने, पडदे मात्र नवे घालायला सांगितले. माणसं आपापल्या घरी राहतील, सामान तालमीच्या खोलीतच राहील. घरी नेलं की एक केबल, एक अडॅप्टर हमखास राहतो, आणि ट्रकवर यादी लावायच्या वेळी माणूस जेवायच्या पाटावर असतो.

अ‍ॅकॉस्टिक गिटारला केसमध्ये ओलाव्याची पुडी. मुंबईच्या दमट हवेतून इथल्या कोरड्या दुपारीत आली की वरची फळी बसते, तारा खाली येतात आणि फ्रेटवर घासू लागतात.

१५ जानेवारी, बुधवार – ऊस गेला

संक्रांतीला कुणी कामावर नव्हतं, तेही धरलेलं होतं. किंक्रांतीला सकाळी लॉनवर पोचल्यावर पश्चिमेचा ऊस जागेवर नाही. कारखान्याची टोळी दोन दिवसांत आडवा करून गेली, रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग.

उभा ऊस काही भिंत नव्हे, पण दाट पानांमुळे वरच्या पट्टीचा आवाज थोडा विखुरतो आणि गिळला जातो. आता कुंपणापासून घरांपर्यंत सपाट रान. त्यात जानेवारीची रात्र: सूर्य मावळला की जमीन आधी गार होते, वरची हवा उबदार राहते, आणि वर जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो. दुपारी चारला त्या घरांपाशी मोजलेला आकडा रात्री नऊला खरा राहत नाही. म्हणून १७ ची चाचणी अंधार पडल्यावरच घ्यायची.

शेतमालकांना भेटून दोन गोष्टी मागितल्या: शनिवारी पाचट पेटवू नका, आणि १७ ला रात्री तुमच्या अंगणात मीटर लावू द्या. दोन्ही मान्य. चहा झाला. चार पास दिले.

१६ जानेवारी, गुरुवार – स्टेज आणि वीज

स्टेज ४० बाय २४ फूट, उंची ४ फूट. ड्रमसाठी ८ बाय ८ चा एक फुटी प्लॅटफॉर्म. ट्रॉल्यांमुळे जनरेटरचा ट्रक दोन तास उशिरा.

साउंडला ६२.५ केव्हीए, लाइट आणि एलईडी पडद्याला १२५ चा वेगळा. ६२.५ म्हणजे दर फेजला साधारण ८७ अँपिअर. अ‍ॅम्प तिन्ही फेजवर वाटले. मिक्सर, स्टेजची पेटी आणि बँडचं सगळं सामान एकाच फेजवर, एकाच डीबीतून (वीज वाटणाऱ्या पेटीतून), म्हणजे अर्थही एकच राहतो.

न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज १४ आलं. २-३ च्या वर गेलं तर पुढे जायचं नाही. जनरेटरचा अर्थ-रॉड भरावाच्या कोरड्या मुरमात ठोकलेला होता. मळ्याच्या बाजूच्या ओल्या मातीत दोन नवे रॉड, तीन मीटर अंतराने, भोवती मीठ आणि पाणी, उतरून १.६. मग डीबीतले न्यूट्रलचे सगळे स्क्रू हाताने आवळले. न्यूट्रल सुटला तर एका फेजवर व्होल्टेज ४०० कडे जातं आणि त्या फेजवरचं सगळं जळतं. बँडचं सगळं सामान एका फेजवर आहे हे लक्षात घेतलं तर हा स्क्रू दोनदा बघावा असा आहे.

मिक्सर ते स्टेज ५० मीटर शिल्डेड कॅट५ई (धातूचं आवरण असलेली नेटवर्क केबल), दोन्ही टोकांना धातूचा इथरकॉन जोड. साधी प्लास्टिक टोकांची नेटवर्क केबल चालते असं वाटतं, आणि कोरड्या हवेत कुणी खुर्ची सरकवली, स्थिर विजेची ठिणगी उडाली की अर्धा सेकंद सगळा आवाज जातो. दुसरी केबल वेगळ्या बाजूने टाकून ठेवली.

१७ जानेवारी, शुक्रवार – ट्यूनिंग

सहा बेस, तीन-तीनच्या दोन चवडी. प्रत्येक चवडीतला मधला बेस उलटा, तोंड मागे. त्याची पोलॅरिटी (अधिक-उणे) उलटी आणि त्याला २.६ मिलिसेकंद डिले, कारण डब्याची खोली ९० सेंटिमीटर. मागे तीन लाटा एकमेकींना मारतात, पुढे जुळतात. स्टेजच्या मागे रस्त्यावर ६३ हर्ट्झला ११ डेसिबलचा फरक मिळाला. वसाहतीतली तक्रार नेहमी बेसची येते, आणि ‘ए’ मोजणीत बेस जवळजवळ दिसतच नाही. म्हणून रस्त्यावर बेस धरणाऱ्या ‘सी’ मोजणीतही मोजलं. साउंडवाल्याला उलटा डबा आधी पटला नाही. रस्त्यावर नेऊन डिले चालू-बंद करून ऐकवलं, तेव्हा त्याने मोबाइलवर फोटो काढून घेतला.

डिले टॉप ३६ मीटरवर. १८ अंशाला आवाज सेकंदाला ३४२ मीटर, म्हणजे १०५ मिलिसेकंद. त्यात १२ वाढवले, म्हणजे कानाला आवाज स्टेजवरूनच येतो असं वाटतं. दुपारच्या ३१ अंशाला हाच आकडा १०३ येतो. रात्रीचाच लावला.

रात्री ८.३० ला रेकॉर्ड केलेलं गाणं ९१ वर: कुंपणावर ७४, शेतातल्या अंगणात ६३. दुपारी चारला त्याच अंगणात ५८ होते. वरच्या बॉक्सला आणखी एक अंश वाकवलं आणि डिले २ डेसिबल खाली. अंगणात ६१. पुरे.

१८ जानेवारी, शनिवार – शो

३.०० लाइन चेक. ४.३० साउंडचेक, सगळ्यांच्या डोळ्यांवर गॉगल. आधी हलगीचीच दोन गाणी घेतली, कारण स्टेजवर तीच सगळ्यात जास्त माणसं.

जेवण शोनंतर. कुणाच्या तरी घरून दुपारीच तांबडा-पांढरा आला होता. गायकापासून लांब ठेवला. तिखटानंतर दोन तासांनी घशात आंबट येतं आणि वरचे सूर अडतात.

६.४५ इथल्या एका तरुण गायिकेची अर्ध्या तासाची बैठक, फक्त गिटार आणि गळा. ७.१५ ला दव सुरू झालं. मिक्सरवर प्लास्टिक आधीच होतं. स्टेजच्या पुढच्या लादीवर पाणी साचू लागलं, तिथे गालिचा पुढे ओढला. माइक-केबलींचे एक्सएलआर जोड जमिनीवरून उचलून बाटलीच्या झाकणांवर ठेवले.

८.०० ला बँड. साउंडचेकनंतर तापमान १३ अंशांनी उतरलं होतं. इथे दोन वाद्यं उलट दिशांना जातात: गार हवेत पोलादी तार आकसते, गिटारचा सूर चढतो, दवाने हलगीचं कातडं सैल पडतं, तिचा सूर उतरतो. गिटारी १२ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) वर गेल्या होत्या, चढण्याआधी पुन्हा लावल्या. पाचव्या गाण्याआधी हलगी वाजवून पाहिली तर कडकडाट गेलेला, नुसती थप्प. एरवी कागद पेटवून शेकतात. कापडी मंडपात आग चालणार नाही हे अग्निशमनवाल्यांनी आधीच बजावलं होतं, म्हणून मागे एक किलोवॉटची विजेची शेगडी ठेवली होती, लाइटच्या जनरेटरवर. कातडं शेगडीपासून हातभर लांब, सतत फिरवत, आठ-दहा मिनिटं. जवळ धरलं तर वरून तापतं, आत ओल राहते, आणि पहिल्याच जोराच्या फटक्याला कडेशी चीर जाते. तापलेली हलगी सात-आठ मिनिटं टिकते. त्यामुळे मधलं बोलणं छोटं करायला गायकाच्या कानात टॉकबॅकवरून सांगितलं. फायबरच्या पानाची एक हलगी राखीव होती. तिला दवाचं काही होत नाही, पण आवाज पत्र्याच्या डब्यासारखा येतो. काढावी लागली नाही.

सहाव्या गाण्यात थांब्यानंतर लय ११८ वरून १३४ पर्यंत गेली. ड्रमर बरोबर राहिला. मिक्सरपाशी ९४ दिसले. गिटारी आणि सिंथ ३ डेसिबल खाली, १५ मिनिटांची सरासरी ९१ च्या आत राहिली. कुंपणावरच्या माणसाने ७५ कळवले.

८.५० ला एलईडी पडद्यावर पांढरं चित्र आलं आणि अ‍ॅकॉस्टिकच्या डीआयमधून गुरगुर सुरू झाली. पडद्याची वीज-केबल दुपारनंतर कुणीतरी सरकवून स्टेजच्या सिग्नल केबलींना समांतर टाकली होती. दीड मीटर लांब ओढली, जिथे ओलांडते तिथे काटकोनात. गेली.

९.३८ शेवटचा सूर. ‘वन्स मोअर’ला साउंडशिवाय, स्टेजच्या कडेला बसून एक कडवं. ९.५५ ला अ‍ॅम्प बंद.

१९ जानेवारी, रविवार – उतरवणी

दव पडलेल्या केबली तशाच गुंडाळल्या नाहीत. सकाळी लॉनवर पसरून उन्हात वाळवल्या. उलटे बेस सरळ केले, प्रोसेसरमध्ये मिरवणुकीची फाइल परत घातली आणि साउंडवाल्यासमोर वाजवून दिली. आमची फाइल वेगळ्या नावाने त्याच्याकडेच ठेवली, त्यानेच मागितली.

२३ जानेवारी, गुरुवार – रेकॉर्डिंग

३२ ट्रॅक, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट म्हणजे तासाला १६.६ जीबी. दोन डिस्कवर प्रती, एक कोल्हापुरात, एक पुण्यात.

मिक्सरपाशी लावलेले दोन माइक स्टेजच्या ६४ मिलिसेकंद मागे आहेत, तेवढे पुढे सरकवल्याशिवाय मिक्समध्ये घेऊ नयेत, नाहीतर टाळ्यांबरोबर स्नेअरचा दुसरा फटका ऐकू येतो. स्टेजच्या टोकांचे दोन माइक आहेत तसे चालतील. हलगी १ चा पॅक कुठेही फाटलेला नाही. हलगी २ शेवटच्या चार मात्रांत दोनदा. तिथे ओव्हरहेडमधली घ्यायची. सहाव्या गाण्याच्या मोकळ्या भागाला ग्रिड (ठरावीक लयीची चौकट) लावू नये असं मिक्स करणाऱ्याला लिहून कळवलं. आयपीआरएसला गाण्यांची यादी गेली, पोलीस ठाण्यात मीटरच्या नोंदींची प्रत दिली. लॉनच्या अनामत रकमेतून गवतात गाडलेल्या दोन रॉडांच्या खड्ड्यांचे पैसे कापले. तो हिशेब जनरेटरवाल्याच्या बिलात धरायचा की आपल्या, ते सोमवारी.